अंगणातल्या आंब्याखाली हॅमॉक टांगायचा आहे : कोणता घ्यावा आणि कशाला बांधावा?

प्रश्न : अंगणवासी, सहकारनगर

नमस्कार. पुण्यात सहकारनगरमध्ये आमचे जुने बैठे घर असून मागच्या अंगणात सुमारे चाळीस वर्षांचा आंबा आहे. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. ती आता व्यवस्थित चालते, परंतु दुपारी खोलीत पडून राहणे तिला नको वाटते आणि आंब्याखाली खुर्ची टाकून बसले की अर्ध्या तासात तिची पाठ अवघडते. तिला पुस्तक घेऊन निवांत आडवे होता यावे, यासाठी तेथे हॅमॉक टांगावा असे मनात आहे. रविवारी दुपारी मीही त्यावर पडेन आणि नऊ वर्षांची मुलगी तर सोडणारच नाही, हे धरून चालावे.

तीन आठवडे पाहतो आहे, पण जितके पाहावे तितका गोंधळ वाढतो. एका प्रकारात दोन्ही टोकांना लाकडी दांडे असतात, त्यामुळे कापड ताणलेले आणि पलंगासारखे सपाट दिसते. छायाचित्रांत तरी तोच सर्वांत आरामशीर वाटतो. दुसऱ्या प्रकारात दांडा नसतो, कापडाची टोके चुणून एकत्र बांधलेली असतात आणि लहान बाळाच्या झोळीसारखा तो मध्ये खोल जातो. ट्रेकिंगवाले पॅराशूटच्या कापडाचा सांगतात. सहलीच्या ठिकाणी दोरीच्या जाळीचे स्वस्त हॅमॉक मुठीएवढ्या पिशवीत मिळतात, ते मुलीला हवे आहेत.

जागेची स्थिती अशी आहे की, आंब्याच्या खोडापासून मागची कंपाउंडची भिंत १३ फुटांवर आहे. भिंत साडेचार इंची विटांची, पाच फूट उंच असून तिला ठरावीक अंतरावर नऊ इंची विटांचे खांब आहेत. एक खांब झाडाच्या बरोबर समोर येतो. मिस्त्री म्हणाले की, त्यात जाड हूक ठोकून देतो, दोन माणसे बसली तरी हलणार नाही. त्यांचे ऐकावे का? आणि सुती, नायलॉन की पॉलिएस्टर, हेही कृपया सांगावे. पावसाळ्यात तो बाहेर राहू शकेल का, हाही प्रश्न आहेच.

उत्तर : दोरगाठ, वारजे

सह्याद्रीत भटकताना बारा वर्षे मी हॅमॉकमध्ये झोपत आलो आहे आणि घराच्या गच्चीवरही एक कायमचा टांगलेला आहे, त्या अनुभवावरून लिहितो. भिंतीविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणकार येथे आहेत, ते लिहितीलच, म्हणून मी हॅमॉकविषयीच बोलतो.

छायाचित्रात सपाट दिसणारा दांड्याचा हॅमॉक कृपया आईंसाठी घेऊ नका. दांड्यामुळे कापड ताणले जाते, झोपणाऱ्याचे वजन टांगणीच्या रेषेच्या जवळ किंवा तिच्याही वर येते आणि माणूस थोडा कडेला सरकला की संपूर्ण हॅमॉक उलटतो. तरुण माणूस हसून उठेल. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने तो धोका पत्करू नये. चुणलेल्या टोकांच्या झोळीत वजन टांगणीच्या बरेच खाली राहते, कापड दोन्ही बाजूंनी वर येऊन शरीराला कवेत घेते, आणि म्हणून ती सहसा उलटत नाही.

झोळी घेतल्यावर अनेकांची तक्रार असते की, पाठ केळ्यासारखी वाकते. ती झोळीत सरळ, टोकापासून टोकापर्यंत झोपल्यामुळे वाकते. झोळीत तिरके झोपायचे असते : डोके मध्यरेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला. असे झोपले की शरीराखालचे कापड जवळजवळ सपाट होते. कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोक १४९२ साली कोलंबस तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून हॅमॉकमध्ये झोपत होते, ‘हमाका’ हा शब्दही त्यांचाच, आणि दांड्याशिवायच्या झोळीत आडवे-तिरके झोपण्याची रीत मेक्सिकोच्या युकातान भागात आजही घरोघरी चालते. सागरी प्रवासामुळे झोळी युरोपीय जहाजांवर गेली आणि खलाशांचे अंथरूण बनली.

तिरके झोपायचे तर लांबी आणि रुंदी दोन्ही लागतात. कापड किमान १० फूट, शक्यतो ११ फूट लांब आणि ५ फुटांपेक्षा अधिक रुंद असावे. आपल्याकडे कोणीतरी सोलापुरी चादर बांधायचा सल्ला देतेच. चादर मजबूत असते, परंतु सात-साडेसात फुटांत मोठ्या माणसाला तिरके झोपता येत नाही आणि खांदे दोन्ही बाजूंनी आवळले जातात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे ताण. हॅमॉक घट्ट, आडवा ओढून बांधला की छान दिसतो आणि नेमके तेच चुकीचे आहे. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ७० किलोच्या माणसामुळे प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर ७० किलोचाच ताण येतो. कोन १५ अंश केला तर तो सुमारे १३५ किलो, १० अंश केला तर सुमारे २०० किलो आणि ५ अंश केला तर ४०० किलोच्या वर जातो. माणूस तोच, झोळी तीच. केवळ ताणून बांधल्याने झाड, दोरी आणि हूक यांच्यावरचा भार सहापट होऊ शकतो. अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी काटकोनात धरून तर्जनी आडवी ठेवली की, तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची काल्पनिक रेषा साधारण ३० अंशांची येते, तेवढा उतार पट्ट्याला द्यावा.

झोळीच्या दोन टोकांच्या मध्ये वरून एक बारीक, न ताणणारी दोरी कायमची बांधून ठेवणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. तिची लांबी कापडाच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के ठेवावी. ११ फुटांच्या झोळीसाठी ती साधारण ९ फूट येते. मग खांब जवळ असोत वा लांब, झोळीचा झोल दर वेळी सारखाच राहतो. आईंना उठताना हाताला धरायला एक पट्टा लागणारच आहे, परंतु तो या बारीक दोरीला लटकवू नये. झाडाला जाणाऱ्या मुख्य पट्ट्यालाच एक वेगळी कडी घालून तिला अडकवावा.

तुमच्या १३ फुटांत ११ फुटी झोळी बसते. मध्यावर बसण्याची उंची १८ इंच ठेवायची असेल तर दोन्ही बाजूंचे पट्टे जमिनीपासून सुमारे सव्वापाच फुटांवर बांधावे लागतील. भिंत पाच फुटांची आहे, त्यामुळे ती पुरणार नाही आणि ती कमी उंची भरून काढायला लोक झोळी ताणतात, हे वर सांगितलेल्या आकड्यांच्या संदर्भात लक्षात घ्यावे.

उत्तर : निवृत्त स्थापत्य, कर्वेनगर

कृपया विटांच्या खांबात हूक ठोकू नका. मिस्त्रींचा अनुभव नाकारत नाही, परंतु ते हूक निघेल की नाही याचा विचार करत आहेत. हूक निघणारच नाही. हुकासकट खांब येईल. विटांचा खांब हॅमॉकसह कोसळून त्यातील माणसे दगावल्याच्या घटना परदेशांत घडलेल्या आहेत आणि त्यांत मुलेही होती.

कारण साधे आहे. वीटकाम दाब उत्तम घेते, परंतु आडवी ओढ घेत नाही. विटा आणि चुना-सिमेंट यांच्या जोडात ताण सोसण्याची ताकद जवळजवळ नसते. दोरगाठ यांनी सांगितलेल्या आदर्श ३० अंशांच्या कोनातही ७० किलोच्या माणसामुळे खांबाला सुमारे ६० किलोची आडवी ओढ लागते. जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर ती ओढ म्हणजे पायथ्याशी सुमारे ८५ ते ९० किलोग्रॅम-मीटरचे उलटवणारे बलाघूर्ण, म्हणजे वळवण्याचा जोर. तुमच्या नऊ इंची, पाच फुटी खांबाचे स्वतःचे वजन अंदाजे दीडशे किलो असेल आणि ते वजन त्या उलटवण्याला जेमतेम १७ किलोग्रॅम-मीटरने विरोध करेल. आजूबाजूची भिंत थोडीफार साहाय्य करते, पण साडेचार इंची भिंतीचा भरवसा कोणत्याही अभियंत्याने देऊ नये. झोके घेतले की स्थिर बसण्याच्या तुलनेत ही ओढ आणखी वाढते.

झाडासमोर एक स्वतंत्र पोलादी खांब उभा करा. दोन इंची पाइप लोक सुचवतील, परंतु झोक्यांचा भार धरला तर तो वाकतो. किमान ३ इंची, म्हणजे ८९ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा आणि ४ मिलिमीटर जाडीचा पाइप घ्यावा. खड्डा किमान तीन फूट खोल आणि दीड फूट रुंद असावा आणि तो कंपाउंडच्या पायाला धक्का न लावता, भिंतीपासून दोन फूट तरी आत घ्यावा. त्यामुळे तुमचे अंतर १३ वरून ११ फुटांवर येईल. तेव्हा भिंतीला समांतर रेषेत झाडापासून १३ फूट मोजता येतात का, हे आधी पाहावे. खांब हॅमॉकच्या विरुद्ध दिशेला दोन-तीन अंश झुकलेला ठेवला तर भार आल्यावर तो सरळ दिसतो. तळाशी मुरूम लागला तर उत्तम. काळी माती लागली तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावे.

येथे अनेक वाचक फ्लॅटमध्ये राहणारे असतील, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. गच्चीच्या कठड्याला आणि बाल्कनीच्या रेलिंगला हॅमॉक बांधू नये, या दोहोंची बांधणी अशी ओढ घेण्यासाठी केलेलीच नसते. हलक्या एएसी ब्लॉकच्या, ज्यांना आपण सरसकट सिपोरेक्स म्हणतो, त्या भिंतीत साधा अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) धरत नाही. फिरवता फिरवता ब्लॉकचा भुगा होतो. फास्टनर आरसीसी कॉलम किंवा बीममध्येच, कडेपासून पुरेसे अंतर सोडून बसवावा. गच्चीच्या फरशीत मात्र ड्रिल चालवू नये. खाली वॉटरप्रूफिंगचा कोबा असतो. त्यात एक भोक पडले की पुढचा पावसाळा खालच्या घरमालकाशी वाद घालण्यात जातो. जागा नसेल तर लोखंडी स्टँड घ्यावा.

उत्तर : पावसाळी, बाणेर

कापडाविषयी मी अधिक विश्वासाने लिहू शकते, कारण त्यात माझे नुकसान झालेले आहे. ऑनलाइन मागवलेला सुती दोऱ्यांचा सुंदर हॅमॉक आम्ही मे महिन्यात टांगला. पाऊस आला की काढू, असे ठरवले होते. जूनमध्ये चार दिवस गावाला गेलो, परत येईपर्यंत दोऱ्यांच्या आतपर्यंत काळी बुरशी चढली होती आणि सप्टेंबरमध्ये टोकाकडचे तीन धागे हातात तुटून आले. विक्रेत्याच्या पानावर तो बाहेर वापरण्यासाठी असल्याचे लिहिलेले होते, पण त्यांच्या मनात पुण्याचा जुलै नव्हता.

सुती कापडासारखा स्पर्श दुसऱ्या कशाला नाही, हे मान्य आहे. उन्हाळ्याच्या दुपारी ते घाम शोषते, अंगाला चिकटत नाही. तुमच्या आईंना रोज दुपारी झोपायचे असेल तर मी सुती जाड विणीचे कापडच घेईन, परंतु वापर झाला की काढून घडी करून आत ठेवण्याची शिस्त घरात हवी. दोन कड्या काढल्या की झोळी उतरते, तिला एक मिनिटही लागत नाही. ती शिस्त जमणार नसेल तर पॉलिएस्टर घ्यावे. ते पाण्याने जवळजवळ सैलावत नाही आणि उन्हाला नायलॉनपेक्षा बरे टिकते. ट्रेकिंगचे पातळ नायलॉन हलके आणि लवकर वाळणारे असते, मात्र भिजले की ताणते आणि वर्षभर उन्हात ठेवल्यास हळूहळू कमकुवत होते. बाहेरून तसे दिसत नाही, म्हणून दरवर्षी शिवण आणि चुण्या हाताने ओढून तपासाव्यात.

जाळीच्या हॅमॉकविषयी मात्र मी ठाम आहे. ज्या बारीक दोरीच्या, दांडा नसलेल्या लहान जाळ्या मुठीएवढ्या पिशवीत मिळतात, तशा जाळ्या अमेरिकेत १९९६ साली बाजारातून मागे घेण्यात आल्या, कारण चढता-उतरताना जाळी मानेभोवती पिळली जाऊन मुले गुदमरून दगावली होती. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे. ती कितीही मागत असली तरी ही वस्तू घरात आणू नका.

सासूबाईंच्या अनुभवावरून आईंसाठी एक सांगते. हॅमॉकमध्ये पाय टाकून चढायचे नसते. पाठ हॅमॉककडे करून मध्यावर उभे राहायचे, कापड दोन्ही हातांनी रुंद करायचे, खुर्चीवर बसावे तसे पूर्ण बसायचे, आणि मग डोके व पाय एकदम तिरके न्यायचे. उतरताना याच्या उलट क्रम ठेवायचा. आम्ही पहिले पंधरा दिवस शेजारी जड लाकडी स्टूल ठेवले होते आणि कोणीतरी जवळ उभे राहत असे. बसण्याची उंची १८ इंच म्हटली आहे, ती वजन पडल्यानंतरची मोजावी. रिकाम्या झोळीची मोजली तर प्रत्यक्षात ती खूपच खाली जाते आणि शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला तेवढे वाकून उठणे जड जाते. आईंच्या डॉक्टरांना किंवा त्यांच्याकडून व्यायाम करवून घेणाऱ्यांना एकदा विचारलेले बरे.

डासांचाही विचार करावा. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी चावतो. अंगणात कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचत असेल तर आधी तेच ओतावे. तरीही त्रास झाला तर मच्छरदाणी शिवलेले हॅमॉक मिळतात.

अंगणवासी

सर्वांचे मनापासून आभार. हुकाचा विचार सोडला आहे आणि मिस्त्रींना निवृत्त स्थापत्य यांचे उत्तर वाचून दाखवले. त्यांनी ते मानले. आज टेप धरून पाहिले, भिंतीला समांतर घेतले तर झाडापासून साडेतेरा फुटांवर मोकळी जागा मिळते. आईने सुती कापडाला पसंती दिली आहे, कारण तिच्या आईच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत आम्ही सगळे वाढलो. उतरवून ठेवण्याचे काम मुलीने घेतले आहे. आता दोन शंका उरतात : आंब्याच्या खोडाला इजा होईल का, आणि पट्टा कोणता घ्यावा?

उत्तर : दोरगाठ, वारजे

चाळीस वर्षांच्या आंब्याचे खोड हा भार सहज घेईल. प्रश्न सालीचा आहे. सालीच्या लगेच आतल्या थरातून झाडाचे अन्न वाहते, आणि बारीक दोरी तेथे काचली की तो थर चिरडतो. दोन इंच रुंद पॉलिएस्टरचा पट्टा घ्या. पट्टा नायलॉनचा नको, तो वजनाने हळूहळू ताणतो आणि दुपारभरात झोळी जमिनीला लागते. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात दोर-ताडपत्रीच्या दुकानांत पट्टे मीटरवर मागून पाहावेत, मात्र त्यावर भारक्षमता छापलेली आहे का हे विचारावे आणि किमान ५०० किलोची असल्याशिवाय घेऊ नये. कडीही गिर्यारोहणाची, भार कोरलेली घ्यावी. किल्ल्यांना लावायची चमकदार कडी दिसायला तशीच असते आणि वजनाने उघडते. पट्टा फांदीला न बांधता खोडाला गुंडाळावा आणि कायम एकाच जागी राहू देऊ नये. खोडात खिळा किंवा हूक ठोकू नये. झाडाच्या दृष्टीने ते वाईट आहेच; शिवाय महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हे झाड तोडण्याच्या व्याख्येतच धरलेले आहे.

टांगण्यापूर्वी मान वर करून पाच मिनिटे आंबा नीट पाहा. वाळलेली फांदी, मोहोळ, लाल मुंग्यांची पानांची घरटी, हे सगळे झोळीच्या वर नसावे. एप्रिल-मेमध्ये कैऱ्या पडतात आणि त्यांचा चीक सुती कापडावर पडला की डाग जात नाही, म्हणून तेव्हा वर एक पातळ चादर तिरपी बांधावी. वळवाचे ढग दाटले की मात्र विजेची वाट न पाहता झाडाखालून सर्वांनी घरात यावे.

पहिल्या दिवशी तांदळाच्या दोन पोत्यांनी पूर्ण भार देऊन तासभर तसेच ठेवा. पट्टा किती सैलावतो ते पाहून उंची पुन्हा बसवा, मग तुम्ही स्वतः बसा, आणि आईंना त्यानंतर बसवा.

उत्तर : निवृत्त स्थापत्य, कर्वेनगर

खांबाविषयी एकच राहिले. काँक्रीट भरल्यावर पाइपाला आधाराच्या तीन काठ्या लावून तो हलू देऊ नका, आणि सात दिवस वरून गोणपाट ओले ठेवा. मिस्त्री तिसऱ्या दिवशी म्हणतील की घट्ट झाले आहे; वरून ते खरेच घट्ट लागेल. आडवी ओढ घेण्याइतकी ताकद यायला मात्र वेळ लागतो, त्यामुळे पोत्यांची चाचणी दोन आठवड्यांनंतर करावी आणि झोके २८ दिवसांनी. पाइपाच्या वरच्या तोंडाला टोपण वेल्ड करून घ्यावे, नाहीतर पावसाचे पाणी आत साचून तो आतून गंजत राहतो आणि बाहेरच्या रंगावरून ते कोणालाच समजत नाही.